नायोबियमच्या नमुन्यातली भेसळ

मला फुगवून सांगता येत नाही. एकतीस वर्षं माझं काम एवढंच होतं... मोजायचं, आणि मोजलं तेवढंच लिहायचं. पुढे लिहितोय तेही तेवढंच आहे.

भुतं रात्री येतात म्हणे.

हे भर दुपारी घडलं. ३ नोव्हेंबर १९७८, शुक्रवार, दोन वाजून एकतीस मिनिटं. ही वेळ माझ्या आठवणीतली नाही. यंत्राच्या छापील टेपवरची आहे.

जागा बेल्जियममधली, केम्पेनच्या पाइन जंगलातली आमची प्रयोगशाळा. तिचं नाव सांगणार नाही. तिथे काम केलेली काही माणसं अजून हयात आहेत.

आमचं काम थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इमारतीच्या मधोमध न्यूट्रॉन तयार व्हायचे आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या फुटलेल्या लांबच लांब पाइपांतून बाहेर धावायचे. वेगवान आधी पोचायचे, हळू मागून. वाटेत एखाद्या धातूची चकती ठेवली, की ती ठरावीक वेगाचे न्यूट्रॉन गिळायची आणि बाकीचे सोडून द्यायची. पाइपाच्या टोकाला एका केबिनमध्ये आम्ही उरलेले मोजायचो. कागदावरच्या रेघेत त्या त्या वेगापाशी खाच पडायची.

प्रत्येक धातूच्या खाचा ठरलेल्या. सोन्याच्या वेगळ्या, चांदीच्या वेगळ्या. बोटांच्या ठशांसारख्या. अनुभवी माणूस नुसती रेघ बघून सांगायचा, पाइपात काय आहे ते.

असा सगळ्यात अनुभवी माणूस म्हणजे गुस्ट. माझ्या मोठ्या बहिणीचा, इर्माचा नवरा. मला तिथे चिकटवलं ते त्यानंच.

गुस्ट चौदा वर्षांचा असताना, १९४४च्या लढाईत, तोफगोळ्याचा तुकडा त्याच्या डोक्यात घुसला होता. इंग्रजांच्या लष्करी डॉक्टरांनी कवटीला टँटलम धातूचा पातळ पत्रा बसवून त्याला वाचवलं. या पत्र्यावरून तो स्वतःच थट्टा करायचा.

"अख्ख्या युरोपात सायकलवरून कामाला येणारा नमुना मी एकटाच," म्हणायचा. "आणि पोरा, माझी शुद्धता तपासायची कुणाची टाप नाही!"

त्याची एक सवय होती. नमुना बदलायला पाइप उघडण्याआधी बोटाच्या पेरानं त्यावर दोनदा ठोकायचा. टक... टक. नवीन पोरं हसायची.

"हसा लेको," तो म्हणायचा. "कुणाच्याही घरात शिरताना विचारून शिरावं."

बुधवारी, एक तारखेला, सर्व संतांचा सण होता. सकाळी गुस्ट आणि इर्मा शेवंतीच्या कुंड्या घेऊन आई-वडिलांच्या कबरींवर गेले. दुपारी तो टोपली घेऊन जंगलात अळंबी गोळा करायला निघाला.

अंधार पडला तरी आला नाही.

त्याची सायकल कालव्याच्या पुलाला टेकवलेली सापडली. त्या वर्षी त्याचं डोकं फार दुखायचं. बोलणं कमी झालं होतं. त्यामुळे गावानं मनाशी ठरवूनच टाकलं. पोलिसांनी कालव्यात गळ टाकले.

खरं सांगतो, मीही तेच धरून चाललो होतो.

गुरुवारी सकाळी इर्मा आमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. डोळे कोरडे. रात्रभर झोपलेली नव्हती.

"तो पाण्यात नाही, लोडे," ती म्हणाली. "जीव द्यायला कुणी टोपली घेऊन जातं का?"

"पोलीस शोधतायत ना."

"ते कालव्यात शोधतायत. मला जंगलात माणसं हवीत. तुमच्याकडे चाळीस जण आहेत. एक दिवस सोड त्यांना."

"अगं, या मोजणीसाठी सात महिने थांबलोय आम्ही. न्यूट्रॉनांचा झोत आम्हाला शनिवारी सकाळपर्यंतच मिळालाय. शनिवारी सगळ्यांना घेऊन येतो. शब्द देतो तुला."

"शनिवारी?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी नजर खाली घातली. "थंडी बघितलीस का तू?"

मी आत निघून गेलो. आज हे लिहिताना स्वतःची किळस येते.

त्या आठवड्यात आम्ही नायोबियम नावाच्या धातूची चकती मोजत होतो. तीन दिवसांची मोजणी एकत्र करायची आणि एकच रेघ काढायची, अशी आमची पद्धत. गुरुवारी दुपारी मी तोवरची बेरीज कागदावर काढली आणि डॉक्टर हार्टविगना दाखवली. ते या मोजणीचे प्रमुख. जर्मन, कामात चोख, जिभेनं तिखट.

रेघ ठीक होती. फक्त एका जागी...

जिथे नायोबियमची खाच असायला नको, तिथे एक खाच होती. आणि पुढे तिची भावंडं.

"टँटलम!" हार्टविग टेबलावर हात आपटून म्हणाले. "चोर लेकाचे! शुद्ध म्हणून पैसे मोजून घेतात आणि आत हे भरतात."

यात खरं तर नवल नव्हतं. नायोबियम आणि टँटलम खाणीत एकत्रच सापडतात. कितीही निवडलं तरी तांदळात खडा राहतोच. आमच्या धंद्यात नायोबियममध्ये टँटलम दिसला, तर कुणी मान वर करूनही बघत नाही.

"किती आहे ते काढ आणि वजा करून टाक," ते म्हणाले.

टँटलम म्हटल्यावर मला गुस्ट आठवला का?

आठवला. आणि म्हणूनच मी जरा जास्तच घाईनं वजाबाकी केली. रेघ स्वच्छ झाली.

शुक्रवारी दुपारी साठ मीटर लांबीच्या पाइपाच्या टोकाला, केबिनमध्ये मी एकटा होतो. हीटर चालू, तरी पाय गार पडलेले. मोजणी यंत्राची टिकटिक चालली होती.

सव्वादोनच्या सुमारास टिकटिक मंदावली.

आकडे बघितले. सगळेच पडले होते, रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जणू वाटेत कुणी पाणी भरलेलं भांडं ठेवलंय; पाणी सगळ्याच वेगांचे न्यूट्रॉन अडवतं. मी नियंत्रण कक्षात फोन लावला.

"झोत कमी केलात का?"

"नाही बुवा," पलीकडून ऑपरेटर म्हणाला. "इथे सगळं झकास आहे. तुझंच यंत्र झोपलं असेल."

मी फोन ठेवला.

आणि तेव्हा...

टक... टक.

आवाज पाइपातून आला होता. बाहेरून नाही. त्या पाइपात हवासुद्धा नसते. पंपाचा असेल, मी स्वतःला सांगितलं. पंप तर भिंतीपलीकडे एका लयीत गुरगुरत होता.

टक... टक.

या वेळी जवळून. माझ्यापासून हातभर अंतरावर. मी उठलो, तर खुर्ची मागे पडली.

"गुस्ट?"

मी दार उघडून बाहेर आलो. खडीची वाट रिकामी. जंगलात एक पाखरू बोलत नव्हतं. पाइपाच्या कडेनं चालत मुख्य इमारतीच्या भिंतीपर्यंत गेलो आणि परत आलो. कुणी नाही. पाइपावर हात ठेवला. थंडगार होता, आणि आतून बारीक थरथरत होता.

मग ती थरथर थांबली.

आत आलो तर यंत्र पूर्ववत टिकटिकत होतं. आकडे भरभरून येत होते. ते परतले त्या जागी टेपवर वेळ छापली होती, दोन वाजून एकतीस मिनिटं. मला हायसं वाटायला हवं होतं. मी मात्र खाली बसून रडलो, का ते तेव्हा कळलं नाही.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. आकडे पडल्याची नोंद केली, 'यंत्रातील चढउतार' म्हणून. तीही दुरुस्ती गणितात घातली.

शनिवारी शब्द पाळला. चाळीस जण जंगलात शिरलो.

पाऊण तासात सापडला.

प्रयोगशाळेपासून चार किलोमीटरवर वाळूची एक जुनी खाण होती. कडा ढासळून तो आत पडला होता. मांडीचं हाड मोडलेलं. टोपली शेजारी. ओलाव्यासाठी शेवाळ चोखलेलं दिसत होतं. कालव्यात तो कधी उतरलाच नव्हता.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, फार वेळ झालेला नाही. काल दुपारपर्यंत जिवंत होता. दोन ते तीनच्या दरम्यान गेला असावा.

त्यांना एकच गोष्ट उलगडेना. गुस्टच्या उजव्या हाताची पेरं सोलवटून निघाली होती, कठीण कशावर तरी ठोकून ठोकून सोलवटावी तशी. पण त्या खड्ड्यात नुसती मऊ वाळू आणि पाइनच्या काड्या होत्या.

डिसेंबरात नायोबियमच्या चकतीचा रासायनिक तपासणीचा अहवाल आला. टँटलम जवळपास नाहीच. विकणाऱ्यानं फसवलं नव्हतं.

मी कपाट उघडून त्या तीन दिवसांच्या टेप काढल्या. बेरीज मोडून एकेक दिवस वेगळा केला. हे आम्ही आधी केलंच नव्हतं. बेरीज केली की दिवस दिसत नाहीत.

बुधवारी संध्याकाळी खाच अगदी पुसट.

गुरुवारी खोल.

शुक्रवारी सकाळी आणखी खोल. सव्वादोनच्या सुमारास तर तळाला टेकलेली... आणि दोन एकतीसनंतर काहीच नाही. सरळ रेघ. नमुन्यातली भेसळ दिवसेंदिवस वाढत नाही, आणि एका मिनिटात संपत तर मुळीच नाही.

किती जाडीचा टँटलम असेल तर अशी खाच पडेल, त्याचं गणित केलं. एक तृतीयांश मिलिमीटरहून थोडा जास्त. इर्माकडे गुस्टचे इंग्रज डॉक्टरांनी दिलेले कागद होते. काहीतरी खोटं कारण सांगून मी ते बघितले.

पत्र्याची जाडी तीच होती.

हार्टविगना सगळं नेऊन दाखवलं. त्यांनी तिन्ही दिवसांच्या रेघा एकीखाली एक लावून बघितल्या. चेहरा पांढरा पडला.

"हे तीन दिवस काढून टाक," शेवटी म्हणाले. "पुन्हा मोजू." त्यानंतर त्यांनी माझ्याशी या विषयावर एक शब्द काढला नाही. पुन्हा मोजलं. रेघ स्वच्छ आली.

इर्माला मी काहीच सांगितलं नाही. चव्वेचाळीस वर्षं. दर नोव्हेंबरात तिच्याबरोबर कबरीवर शेवंती ठेवली आणि गप्प राहिलो. दोन वर्षांपूर्वी ती वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळली, तेव्हा मात्र राहवलं नाही. तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. खाचा, ठोकण्याचा आवाज, टेपवरची वेळ.

ती छताकडे बघत ऐकत होती.

"म्हणजे तो तुम्हाला दिसत होता," ती म्हणाली.

"हो."

"मी फाटकाशी आले, तेव्हाही?"

"हो."

"मग काय केलंत तुम्ही?"

"वजा केलं, इर्मा. आम्हाला भेसळ वाटली."

मला वाटलं रडेल, शिव्या देईल. थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं. तिनं फक्त मान माझ्याकडे वळवली. लहानपणी मला गणित शिकवायची, तशा शांत आवाजात विचारलं,

"वजा केलेला माणूस जातो कुठे रे, लोडे?"

पुढच्याच आठवड्यात ती गेली.

त्या टेप अजून माझ्या घरी आहेत. जाळायला दोनदा काढल्या होत्या, आणि दोन्ही वेळा तशाच परत ठेवल्या.