पाचवी सरकी

पैज लागली जमनाबाईच्या गोठ्यासमोर, सकाळच्या शेकोटीवर. पौषातली थंडी, दूध काढून झालेलं, आणि लोहारा गावातल्या त्या गल्लीत कोणालाच कामाची घाई नाही... अशा वेळी माणसं पैजा नाही लावणार तर काय करणार?

विषय होती रुपाली. चौकातल्या ऑनलाइन सेंटरवर बसायची. दिसायला गोड, जिभेला तिखट, आणि एक खोड — दिसेल त्याला मोबाईलवर स्टार द्यायचे. पेट्रोल पंपाला दोन. समोशाला तीन, तेही चटणीमुळं. पाहायला आलेल्या पोरांनाही ती पोह्यांची बशी उचलता उचलताच मनात स्टार देऊन मोकळी व्हायची. पाच आजवर कोणालाच मिळाले नव्हते. पौष सरला की मामा अकोल्याचं स्थळ आणणार होता. त्याला न पाहताच तीन, असं ती आईला सांगून बसली होती.

"तुह्या हातून पाच सुटतच नाईत का वं?" जमनाबाईनं विचारलं.

"सुटण्यासारखं काई दिसू तं द्या, मावशी."

आता योग असा, की गल्लीतल्या पुंडलिकरावांची पोरगी खुशी फिलिपिन्सला डॉक्टरकी शिकून आली होती, आणि येताना तिकडच्या छोट्या छोट्या पिच्चरांचं वेड सोबत घेऊन आली होती. पौषात लग्नं नाहीत, मंगल कार्यालय रिकामं. तिनं तिथंच आठवडाभर रोज संध्याकाळी महोत्सव भरवला. मार्क द्यायची रीत तिनं गल्लीला जमेल अशी काढली. दर पिच्चरला माणशी पाच सरक्या, म्हणजे कपाशीच्या बिया. आवडला तितक्या दाराजवळच्या मडक्यात टाकायच्या, उरलेल्या बाजूच्या टोपल्यात. टोपलं जाणार जमनाबाईच्या म्हशीला.

जमनाबाई म्हणाली, आठवडा संपायच्या आत रुपाली एका तरी पिच्चरला पाचही टाकते. रुपाली म्हणाली, एकालाही नाही. हरेल तिनं भर पौषात कपाळाला मुंडावळ्या बांधायच्या, म्हैस सजवायची, आणि डफडं वाजवत चौकातल्या चहाच्या टपरीपर्यंत वरात न्यायची. पंच झाले पंजाबराव, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. त्यांनी हवेतच दोरी ओढून डबल बेल दिली, आणि पैज सुटली.

पहिल्या संध्याकाळी खुशीनं स्वतः पिच्चर समजावून सांगितला. इतका नीट सांगितला, की अर्धी गल्ली झोपली. पडद्यावर खाली इंग्रजी ओळी पळायच्या, पण त्या वाचून होईपर्यंत वरचा माणूस मरूनही जायचा. म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं आर्णीहून गोपालला बोलावलं. बापाचा मंडपाचा आणि माईकचा धंदा, पोरगा इंग्रजी घेऊन बी.ए., आणि ऑटोत बसून गावोगाव पुकारा करण्यात पटाईत. त्यानं पडद्याशेजारी बसून खालच्या ओळी वाचायच्या आणि वऱ्हाडीत बोलायचं.

रुपालीनं पहिल्या रांगेत खुर्ची ओढली. गोपालनं माईक हातात घेतला... आणि आवाजच गेला. त्यानं माईक झटकला, फुंकला, मग बॅटरी घेऊन वायर धरत धरत निघाला तो थेट रुपालीच्या पायाशी.

"ताई, तुमची खुर्ची माह्या वायरवर हाये."

"ताई कोणाले म्हणून राह्यले?"

"बरं... मॅडम. माहा गळा दाबून राह्यल्या तुमी."

तिनं खुर्ची उचलली. गरज नसताना जरा सावकाशच उचलली. नेमका तेवढ्यात माईक सुरू झाला, आणि गोपालचं पुढचं पुटपुटणं अख्ख्या कार्यालयानं ऐकलं — "डोये तं एवढे मोठे हायेत, खालची वायर कशी नाई दिसली—"

बायका पदरात हसल्या. रुपालीनं त्या रात्री पिच्चरला दोनच सरक्या टाकल्या. राग पिच्चरवर नव्हता.

पण गोपाल बोलायला लागला की मजा यायची, हे तिलाही नाकबूल करता येईना. तिकडची आजी त्याच्या तोंडून 'बुढी माय' व्हायची. जीपनी नावाची लांबलचक रंगीत गाडी आली, तर म्हणायचा, काळीपिवळी समजा, फक्त नवरीसारखी सजवलेली. वादळ आलं तर तोंडानंच अशी टिनं उडवायचा, की मागचे लोक छताकडं पाहायचे. रुपालीला इंग्रजी येत होतं. ती त्याचं बोलणं खालच्या ओळींशी ताडून पाहायची, आणि पिच्चर सुटला की चहाच्या पिंपापाशी त्याला गाठायची.

"खाली फकत 'नको' लिवलं होतं. तुमी अर्धा मिनिट बोलले."

"तिचे डोये अर्धा मिनिट बोलत होते. मी काय करू?"

"खाली नसलेलं लय बोलता तुमी."

"आन् तुमी असलेलं बी बोलत नाई," तो म्हणाला, आणि बशीत ओतलेला चहा तिच्यापुढं सरकवला. तिला कपातला चहा पोळतो हे त्याला कोणी सांगितलं होतं, देव जाणे.

ती आल्याशिवाय तो माईक सुरू करत नाही, हेही तिच्या लक्षात आलं. दोनावरून ती तीनावर, मग चारवर आली. एका संध्याकाळी तर पाचवी सरकी मुठीत इतका वेळ राहिली, की उबेनं तळहाताला चिकटून बसली. पण तिनं ती खरवडून टोपल्यात टाकलीच. जमनाबाईनं म्हशीच्या पाठीवर हात फिरवत सांगितलं, माय, तुह्या कंजुषीनं ही लय बाळसं धरून राह्यली.

आठवडा संपला की गोपाल आर्णीला परत. पौष संपला की अकोल्याचं तीन स्टारवालं. रुपालीला दोन्ही माहीत होतं, आणि तोंड उघडत नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळचा शेवटचा पिच्चर. जीपनीचा ड्रायव्हर, आणि थांब्यावर उकडलेल्या शेंगा विकणारी पोरगी. सुरू झाला, आणि रुपालीनं सवयीनं खाली पाहिलं. खाली ओळच नव्हती. चुकीची कॉपी लागली होती. तिनं गोपालकडं पाहिलं. तो पाणी प्यायला, ठसकला, परत प्यायला. बाकी कोणाला पत्ता नव्हता, कारण बाकी कोणी खाली पाहतच नव्हतं. मागं बसलेल्या खुशीला ती भाषा येत होती. ती उठली असती तर निभावलं असतं. ती ओढणी तोंडात धरून हसू दाबत बसली.

पडद्यावर ड्रायव्हर खिडकीतून वाकला. गोपालचा आवाज आला, पण तो पुकाऱ्याचा नव्हता.

"तो म्हणते... तुही खुर्ची माह्या वायरवर आली, तवापासून माहा आवाज माह्यापाशी नाई."

पडद्यावर ना खुर्ची, ना वायर. मागून एक म्हातारा म्हणाला, गाडीची वायर असन. रुपालीचे कान तापले.

"म्या गावोगाव दुसऱ्यायचे निरोप पुकारले. आज पयल्यांदा माहा हाये... तं जमून नाई राह्यलं. उद्या गाडी आर्णीले जाते. तू म्हणशीन तं थांबतो. तू किती देशीन, मले माईत हाये. पण इचारल्याबिगर जाववत नाई."

तिकडंही आर्णी आहे का, असं कोणीतरी विचारलं. पंजाबरावांनी त्याला गप केलं.

पोरगी वळली. काहीतरी बोलली. लांबलचक, गोड, मान तिरपी करून. आणि पिच्चर संपला. कार्यालय गोपालच्या तोंडाकडं पाहत राहिलं.

"ती काय म्हणाली," तो हळूच म्हणाला, "ते... मले नाई समजलं."

दिवे लागले. मडक्यापाशी रांग लागली. जमनाबाई डोळ्यांत तेल घालून बसलेली. रुपालीनं मूठ मडक्यावर धरली. एक, दोन, तीन, चार. मग थांबली. पलीकडं गोपाल पाठमोरा वायर गुंडाळत होता — गुंडाळलेली सोडायचा, परत गुंडाळायचा.

तिनं तळहात झटकला. टप्.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरात निघाली. म्हशीची शिंगं लाल, गळ्यात झेंडूचा हार. पुढं डफडं. रुपालीच्या कपाळाला फुलांच्या मुंडावळ्या, आणि मागं गोपालचा ऑटो, कारण जमनाबाईनं माईक त्याचाच सांगितला होता. भर पौषात लग्न कोणाचं, म्हणून दुकानदार बाहेर आले. गोपाल समोरच्या काचेकडं पाहत होता. पाच पडल्याचं त्याला कळलं होतं. कोणाला पडले, ते विचारायची हिंमत त्यानं कालच संपवली होती.

टपरीपाशी जमनाबाईनं माईक रुपालीच्या हातात दिला. म्हण, हरली म्हणून.

"म्या पाच टाकल्या," रुपाली म्हणाली. "पण... पिच्चरले नाई टाकल्या."

डफडं थांबलं. तिनं ऑटोतल्या गोपालकडं बोट केलं.

"कालच्या पिच्चराखाली एकबी ओळ नव्हती. ऐकलं ते सारं यायच्या मनातलं होतं. पाच यायले देल्ले. ते थांबाचं इचारत होते ना... उत्तर मडक्यात हाये."

टपरीवरचं दूध उतू गेलं, कोणी पाहिलं नाही. पंजाबरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मग निकाल दिला — पैज पिच्चरची होती. माणसाला दिलेले पाच त्यात धरता येत नाहीत. रुपाली जिंकली. जमनाबाई हरली. आणि त्यांनी हवेत डबल बेल दिली.

जमनाबाईला हरल्याचं दुःख काही दिसेना. रुपाली मुंडावळ्या सोडायला लागली, तशी तिनं हात धरला. "तुह्या राहू दे. माह्यासाठी दुसऱ्या आणा."

गोपाल ऑटोतून उतरला. माईकशिवाय त्याचा आवाज अगदीच बारीक होता.

"खरंच पाच?"

"पाच. आर्णीले गेले तं एक वापस."

त्यानं ऑटोची चावी काढून तिच्या तळहातावर ठेवली. गर्दीत रुपालीची आई मामाला फोन लावत होती, अकोल्याला नाही म्हणायला. आणि चौकात, पांढऱ्या केसांवर मुंडावळ्या बांधून, म्हशीची दोरी धरून, जमनाबाई डफड्यावर अशी नाचली की म्हशीनं बुजून स्वतःचाच हार खाऊन टाकला.