बाईंचं ‘म्हणे’

हेमलता आहेर मेथी निवडत बसल्या होत्या आणि समोरच्या भिंतीवर हेमलता आहेरच बातम्या देत होत्या. तोच चेहरा, तोच आवाज, भुवई उडवायची तीच लकब. फरक एवढाच, की भिंतीवरच्या बाईंनी कांजीवरम नेसली होती आणि खाली बसलेल्या बाईंच्या अंगावर विटका गाऊन होता.

“मांडवनेरकरांनो, नमस्कार,” भिंतीवरची म्हणाली. “नव्या शुद्धीकरण केंद्राचं पाणी आता नळाला तोंड लावून प्यावं इतकं स्वच्छ झालं आहे.”

“अगं भवाने, तू प्यायलीस का?” बाईंनी मेथीची काडी भिंतीवर फेकून मारली.

ती कुठली पिणार! ती प्रतिनिवेदिका होती. बाईंच्या बावीस वर्षांच्या रेकॉर्डिंगवरून एका कंपनीने घडवलेली, प्रकाशाची बाहुली. गाव तिला ‘जुळी’ म्हणायचं. ‘नगरदर्पण’ वाहिनीचे मालक मधुभाऊ थेटे यांनी मागच्या दिवाळीत बाईंना शाल दिली, नारळ दिला, हसत फोटो काढला आणि घरी बसवलं. खुर्चीवर जुळी आली. तिला पगार नको, रजा नको, आणि कुठली बातमी द्यायची यावरून ती वाद घालत नाही. मधुभाऊंच्या दृष्टीने सुंठीवाचून खोकला गेला.

बाईंचा जुना सेट कसला होता? प्लायवूडचं टेबल, मागे गावच्या वेशीचं फ्लेक्स आणि त्या फ्लेक्सवर एका पालीचं कायमचं बिऱ्हाड. पण त्या टेबलामागून बाई बोलल्या की गाव ऐकायचं, कारण बाईंचं एक ‘म्हणे’ होतं.

ते असं. मधुभाऊ अधूनमधून आपल्या मर्जीतल्या लोकांच्या बातम्या घुसडायचे. नाही म्हणायची सोय नव्हती, बाईंच्या एकटीच्या मिळकतीवर घर चालायचं. मग बाई ती बातमी गोड आवाजात वाचायच्या, शेवटी एक क्षण थांबायच्या, भुवई उडवायच्या आणि हळूच शब्द सोडायच्या. “रस्त्याचं काम उत्तम दर्जाचं झालं आहे... म्हणे.” संपलं! गावाला काय समजायचं ते समजायचं. पुढे ते गावच्या बोलीतच शिरलं. कुणी सोयरिकीत मुलाच्या बंगल्याच्या गप्पा मारू लागला, की बायका एकमेकींना कोपर मारून म्हणायच्या, “म्हणे लाव गं याला.”

हे फक्त मधुभाऊंना ठाऊक नव्हतं. ते आपली वाहिनी आवाज बंद करून बघायचे. आपला फोटो पुरेसा मोठा दिसतो ना, एवढंच त्यांना बघायचं असे. आणि गाव कशाला सांगतंय!

मेथी निवडून होते न होते तोच शेजारच्या मंदा गांगुर्डे दारात आल्या. डोळे सुजलेले.

“ताई, ओवीला दवाखान्यात ठेवलंय. कावीळ. डॉक्टर म्हणतात, पाण्यातून झाली.”

ओवी म्हणजे मंदाताईंची सहा वर्षांची नात. बाईंच्या दिवाणावर उड्या मारणारी.

“अहो, पण पाणी उकळत नव्हता का?”

“उकळायचो की! दोन महिन्यांपूर्वी बंद केलं.” मंदाताईंना बोलताना रडू फुटलं. “बातम्यांत रोज सांगतात पाणी चांगलंय. आणि ताई, तुम्ही... म्हणजे त्या जुळीनं, म्हणे नाही ना लावलं! लावलं असतं तर आम्ही प्यायलो असतो का?”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शुद्धीकरण केंद्राचं कंत्राट थेट्यांचं, वाहिनी थेट्यांची, आणि येत्या निवडणुकीत नगराध्यक्षपदाला उभे राहणार तेही थेटेच. आणि खोटं बोलायला तोंड कुणाचं? हेमलता आहेरचं! नोकरी घेतलीस ते एक वेळ गिळलं रे मेल्या, पण माझ्या तोंडून पोरांना विष पाजलंस? “आता मी सोडायची नाही,” त्या म्हणाल्या. मंदाताईंना वाटलं, त्या जुळीला म्हणताहेत.

दुपारी बाई फिरोज तांबोळीच्या घरी गेल्या. फिरोज वाहिनीत आवाजाचं काम बघायचा, बाईंच्या पहिल्या बातमीपत्रापासून.

“माझं म्हणे कुठं गेलं, फिरोज?”

फिरोजने मान खाली घातली. “चाळणीत गेलं, बाई. जुळीला शिकवण्याआधी रेकॉर्डिंग साफ करतात. अं, हं, खोकला, घसा खाकरणं, सगळं काढून टाकतात. त्या कंपनीतल्या पोरांना मराठी ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना वाटलं, म्हणे म्हणजे बाईंची नुसती सवय. टाकलं काढून.”

“आणि परत घातलं तर? पण तिला कळेल का, कुठं लावायचं ते?”

“तुमच्याइतकंच कळेल.” फिरोजचे डोळे चमकले. “जुळी पाठ करत नाही, बाई. ती अंदाज बांधते, की अमुक गोष्टीवर हेमलता आहेर काय म्हणतील. बातमी कुणी पाठवली, दुसरीकडून दुजोरा आहे का, कोण कधी काय बोललं, हे सगळं तिच्यापुढे असतंच. बावीस वर्षांत तुम्ही म्हणे कुठं लावलं नि कुठं नाही, ते एकदा तिला दिलं की बास. पण जुळीला हात लावायचा तर भाऊंची परवानगी लागते.”

परवानगी आपल्या पायांनी चालत आली. आठवडाभरात मधुभाऊंचाच निरोप आला. बाजारतळावर मांडव घालून नव्या सेटचं उद्घाटन करायचं होतं, त्याच दिवशी निवडणुकीचा नारळ फोडायचा होता, आणि लोक म्हणत होते जुळी कोरडी वाटते.

“जिव्हाळा नाही हो तिच्यात, हेमलताबाई,” मधुभाऊ खुर्चीतून न उठता म्हणाले. “तुमचं ते जे काय असतं ना, ते टाका बुवा तिच्यात. पुन्हा थोडं रेकॉर्डिंग द्या.”

“देते की,” बाई गोड हसल्या. “पण एक अट आहे, भाऊ. या खेपेला चाळणी लावायची नाही. जुनं, नवं, सगळं जसंच्या तसं तिला द्यायचं. खोकला आला तर खोकल्यासकट. नाहीतर जिव्हाळा उतरत नाही.”

“खोकल्यासकट!” मधुभाऊ खदखदून हसले. “मंजूर! फिरोज, ऐकलंस ना? बाईंचा एक शब्दसुद्धा गाळायचा नाही.”

नवा सेट म्हणजे रिकामं काळं दालन. टेबल प्रकाशाचं, खुर्ची तेवढी खरी. पहिल्या दिवशी बाईंनी सवयीने टेबलावर कोपर टेकलं आणि पडता पडता वाचल्या. गळ्याशी माइक लावून त्या रोज तासन् तास बोलायच्या. बातम्या, गप्पा, गावच्या आठवणी. एकदा मध्येच चहा घेताना फिरोज म्हणाला,

“बाई, उद्घाटनाला अजून तीन आठवडे आहेत. तोवर जुनीच जुळी बोलणार, लोक तेच पाणी पिणार. आपण आजच सांगू या ना. तुमचा साधा व्हिडिओ टाकतो मी.”

“कोण ऐकेल? म्हणतील, नोकरी गेली म्हणून जळते.”

“काही लोक तरी ऐकतील.”

बाईंनी कप खाली ठेवला. “आणि त्याला सुगावा लागला तर? उद्घाटन रद्द, जुळी रद्द, आणि तो मागच्या दाराने पसार. नाही फिरोज. मला तो मांडवात पडायला हवाय, साऱ्या गावासमोर. तोवर जे व्हायचं ते होऊ दे.”

 फिरोजने पुढचं रेकॉर्डिंग सुरू करायला हात पुढे केला, तर ते चालूच होतं.

चाचणीसाठी नव्या जुळीला हवामान आणि क्रिकेटच्या बातम्या दिल्या. त्या खऱ्या होत्या, त्यांना म्हणे कुठून लागणार? मधुभाऊ खूश झाले.

इकडे कावीळ कुंभारवाड्यात पोचली. ओवी बरी होत होती, पण कुंभारवाड्यात मंदाताईंचा धाकटा भाऊ रामनाथ राहायचा. मंदाताई एक दिवस बाईंकडे आल्या.

“रामनाथ ऐकत नाही हो. पाणी उकळ म्हटलं तर मलाच हसतो. म्हणतो, बाई म्हणे लावत नाहीत, मग तुझं काय मध्येच? ताई, तुम्ही एकदा येऊन सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं तर ऐकेल तो.”

 कुंभारवाडा काही लांब नव्हता. पण तिथं थेट्यांची चार माणसं राहायची. हेमलता आहेर पाण्याविरुद्ध बोलत फिरते, ही बातमी तासाभरात बंगल्यावर गेली असती.

“येते,” बाई म्हणाल्या. “एवढं उद्घाटन होऊ दे, लगेच येते.”

उद्घाटनाच्या चार दिवस आधी रामनाथ गेला. कावीळ डोक्यात चढली म्हणाले. बाईंनी मंदाताईंना पोटाशी धरलं आणि मनात म्हटलं, हासुद्धा तुझ्याच माथी, मधुभाऊ. याचाही हिशेब घेते.

उद्घाटनाच्या संध्याकाळी बाजारतळ माणसांनी फुलून गेला होता. व्यासपीठावर पाहुणे, मधोमध फेटा बांधलेले मधुभाऊ, मागे तीन मजली पडदा. पडद्यावर प्रकाशाची वेस उभी राहिली, तिच्यातून जुळी चालत आली आणि टेबलाशी बसली. टाळ्या पडल्या. बाई पहिल्या रांगेत होत्या. पदराखाली त्यांनी एक स्टीलचा पेला धरला होता.

“मांडवनेरकरांनो, नमस्कार,” जुळी म्हणाली. “नगरदर्पण आजपासून नव्या रूपात आपल्यासमोर येत आहे. आमच्या जुन्या निवेदिका हेमलता आहेर स्वखुशीने निवृत्त झाल्या...”

ती थांबली. तिने भुवई उडवली.

“...म्हणे.”

मांडवात चुळबुळ झाली. मधुभाऊ प्रसन्नपणे मान डोलावत होते.

“थेटे समूहाच्या केंद्रातलं पाणी पिण्यास योग्य आहे... म्हणे. कावीळ झालेले रुग्ण उघड्यावरचं खाऊन आजारी पडले... म्हणे.”

 मग मागून एक म्हातारा ओरडला, “लागलं! अरे, म्हणे लागलं!” आणि सगळा मांडव उठला. कुणी हसत होतं, कुणी शिव्या घालत होतं, कुंभारवाड्यातल्या बायका तर ऊर बडवत पुढे घुसल्या.

“काय झालं? काय लागलं?” मधुभाऊ विचारत होते. शेवटी कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “बंद कर, फिरोज! बंद कर तिला!”

“कशी करू, भाऊ? तुम्हीच तिला गावातल्या प्रत्येक पडद्याला जोडायला सांगितलं. माझ्या हातात काय राहिलंय?”

“मधुभाऊ थेटे हे जनतेचे निःस्वार्थ सेवक आहेत,” जुळी वर सांगत होती, “म्हणे.”

तेव्हा हेमलताबाई उठल्या. सावकाश व्यासपीठाच्या पायऱ्या चढल्या आणि पदराखालचा पेला मधुभाऊंसमोर धरला.

“बाजारतळाच्या नळाचं आहे, भाऊ. तुमच्याच केंद्राचं. प्या.”

मधुभाऊंनी पेल्याकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं. हात काही पुढे आला नाही.

“प्या की! आमची ओवी प्यायली, रामनाथ प्यायला. तुम्हाला काय धाड भरलीय?”

फेटा सुटून खांद्यावर आला होता आणि मधुभाऊ पोलिसांच्या आडोशाने मागच्या पायऱ्या उतरत होते. खोटं कशाला बोला, त्या घटकेला बाईंना जे सुख झालं तसं त्यांना लग्नातही झालं नव्हतं. चांगला खड्ड्यात गेला! त्यांनी पेला तिथेच त्याच्या खुर्चीवर ओतला.

पुढचं भराभर झालं. केंद्राला टाळं लागलं, चौकशी बसली, मधुभाऊंनी निवडणुकीतून माघार घेतली आणि वाहिनी विकून टाकली. नवे मालक जुळीला हात लावायला धजले नाहीत. गावाने लावूच दिला नसता! इतकी वर्षं एक बाई खरं-खोटं सांगायची, आता थकणारच नाही अशी मिळाली. हेमलताबाईंचा सत्कार झाला. वाहिनीने त्यांची मुलाखत घेतली आणि तिथं बाई छान बोलल्या.

त्या संध्याकाळी मंदाताई ओवीला घेऊन आल्या, वाटीत शिरा झाकून. पोरीचे डोळे आता जवळजवळ पांढरे झाले होते. ती थेट दिवाणावर चढली.

“लागलीय बघा तुमची मुलाखत,” मंदाताई कौतुकाने म्हणाल्या आणि भिंतीसमोर बसल्या. “माझा रामनाथ काही परत यायचा नाही. पण तुम्ही होतात म्हणून बाकीची तरी वाचली, ताई.”

भिंतीवर जुळी बोलू लागली. “ज्येष्ठ निवेदिका हेमलता आहेर यांनी आज सांगितलं, की मधुभाऊ थेटे यांच्याशी आपलं वैर नव्हतं. जे केलं ते केवळ लोकांचे जीव वाचावेत म्हणून, आणि शक्य तितक्या लवकर केलं...”

ती थांबली.

बाईंना एकदम ते काळं दालन आठवलं. चहाचा कप, गळ्याशी लावलेला माइक. बाईंचा एक शब्दसुद्धा गाळायचा नाही. ती अट त्यांचीच होती.

भिंतीवरच्या हेमलताने भुवई उडवली.

“...म्हणे.”

ओवी खुदकन हसली. मंदाताई हसल्या नाहीत. त्या भिंतीकडे बघत राहिल्या आणि मग हळूहळू वळून बाईंकडे बघू लागल्या. शिऱ्याची वाटी अजून त्यांच्या हातातच होती.

“ताई,” त्या म्हणाल्या, “तिनं म्हणे का लावलं हो?”