सूर्य बुडाल्यावरची फर्माईश

आमचं रेडिओ स्टेशन सूर्याच्या चाकरीत होतं. तो उगवला की सुरू, बुडाला की बंद. मिसिसिपीच्या आमच्या मुलखात दिवसभर रिदम अँड ब्लूज, म्हणजे आम्हा काळ्यांची गाणी, वाजवणारं ते पहिलंच. मालक गोरा, आवाज मात्र आमचे. अंधार पडला की रेडिओच्या लहरी आभाळावर आपटून पार शिकागोपर्यंत जातात, जिथे आमची लेक ओडेसा नोकरीला आहे. मग त्या मोठ्या स्टेशनांच्या गाण्यांत घुसतात, म्हणून सरकारचा तसा नियम. खटका पाडून स्टेशन बंद करायचं काम माझं. कापसाच्या शेतात पत्र्याची खोली, एक फोन, मी आणि यंत्रावरचा काटा. खटका पाडला की काटा शून्यावर. यात भुताटकीला जागाच नाही.

संध्याकाळच्या फर्माईशी माझा नवरा रॉस्को सांगायचा. "ही आयडाकडून, तिच्या रुसूबाई नवऱ्यासाठी!" न्हाव्याच्या दुकानात वस्तरे थांबायचे. पण निवेदकाने स्वतःच्या बायकोसाठी स्वतः गाणं लावायचं नाही, दुसऱ्या कुणी पाठवलं तर वाचायचं, ही आमची रीत. मला कोण पाठवणार? लग्नाच्या एवढ्या वर्षांत माझं नाव एकदाही घेतलं नाही मेल्याने.

मार्चमध्ये तो गेला. त्याचा आवाज कुठेच उरला नाही. टेपा महाग, आजच्या टेपेवर उद्याचा कार्यक्रम भरायचा. तो आवाज एकदा, फक्त एकदा ऐकावा म्हणून माझा जीव तुटायचा.

मे महिन्यात होझिया न्हावी रस्त्यात भेटला. "रॉस्कोने काल काय गाणं लावलं, व्हर्लीन! आयडाकडून होतं, मला."

आयडा त्याची बायको. तिला मूठमाती देऊन दोन वर्षं झाली होती.

"दारू कमी कर," मी म्हणाले.

घरी आले तर सासूबाई ओसरीवर, रेडिओ मांडीवर, डोळे ओले.

"तू खटका पाडलास की तो येतो गं. गेलेल्यांच्या फर्माईशी सांगतो, मागे राहिलेल्यांसाठी. मला आज माझ्या बहिणीने पाठवली."

"मग मला का नाही ऐकू येत?"

"ज्याची त्यालाच येते. तुझं तिकडे आहे कोण? ना आई, ना बाप."

"आणि तो? त्याला काय धाड भरलीय?"

"रीत ना बाई! मेला तरी मोडायचा नाही, मी ओळखते माझ्या पोराला." त्या एकदम हसल्या. "थांब, मी गेले की पाठवते."

"काहीतरी बोलू नका. मक्याचा पाव गार होतोय, खाऊन घ्या."

ऑगस्टमध्ये त्या झोपेतच गेल्या. ओडेसा मातीला येऊन परतली. दुसऱ्या दिवशी मी त्यांचा रेडिओ घेऊन कामावर गेले. लाज वाटत होती, तरी नेला.

सूर्य टेकला. खटका पाडला. काटा शून्यावर आला.

रेडिओत नुसती खरखर. शेतावरून ओल्या मातीचा वास.

मग कुणीतरी घसा खाकरला. तसा घसा एकच माणूस खाकरायचा.

"ही मिसेस ल्यूटी पेटवे यांच्याकडून, सूनबाईसाठी. मक्याचा पाव गार होतोय म्हणावं, खाऊन घे." मग "व्हर्लीन पेटवे," तो हळूच म्हणाला.

मी तोंड झाकून नाही, मोठ्याने रडले. गाणं कोणतं होतं, देव जाणे.

"आता शेवटची," तो म्हणाला, आणि पुन्हा खरखर.

मी रेडिओ हलवला, थोपटला, विनवलं. काही नाही.

फोन वाजला. शिकागोहून ओडेसा, हसत होती की रडत होती कळेना.

"मम्मा! आत्ता रेडिओवर बाबा होते! तुझी फर्माईश लावली, माझ्यासाठी! कधी पाठवलीस गं?"

मी काट्याकडे पाहिलं. शून्यावरच होता.

"अजून नाही, बाळा," मी म्हणाले.