चष्मेवाल्याचं नाक

"जरा इकडे बघा ना... असंच... एकच मिनिट!"

शब्द तोंडातून निसटले आणि तिने जीभ चावली. काउंटरपलीकडचा चष्मेवाला स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून तसाच थबकला. तो तिच्या चष्म्याची मोडलेली काडी बसवत होता, आणि ती समोर स्टुलावर बसून ब्रशपेनने त्याचंच व्यंगचित्र काढत होती. तेही न विचारता!

"बघू?"

"नको... म्हणजे, मी अजून शिकतेय हो!"

पण कागद तोवर त्याच्या हातात गेला होता. कागदभर नाकच नाक! चष्म्याविना तिला बाकीचं काही धड दिसलंच नव्हतं. नाकाच्या आडोशाला दोन मिचमिचे डोळे आणि एक अर्धं हसू, बस्स.

तो असा खदखदून हसला, की गल्ल्यावरची त्याची आत्या दचकली.

"आत्या, हे बघ! नाक दुकानात पोचलंय, मी मागून येतोय!"

आत्याने कागद डोळ्यांजवळ नेला. "पोरीचा हात चांगला आहे. नाक जरा लहानच काढलंय."

ती आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. दिवसभर पट्टीला धरून सरळ रेघा. घरी भाऊ तिला 'फूटपट्टी'च म्हणायचा. म्हणून तर तिने हट्टाने ब्रशपेन घेतलं होतं. दाबलं की रेघ जाड, उचललं की केसाएवढी, घुटमळलं की शाईचा ठिपका. खोडायची सोयच नाही.

"आता चष्मा लावून काढा एकदा," चष्मा परत देताना तो म्हणाला. "आंधळ्या कोशिंबिरीतलं चित्र मी धरत नाही."

मग काय, ऑफिस सुटलं की तिची पावलं दुकानाकडे वळू लागली. आरशासमोर फ्रेम लावून तोंडं वेडीवाकडी करणारी गिऱ्हाइकं तिला आयतीच मिळायची.

"आधी भुवया बघा," तो हळूच सांगायचा. "फ्रेम आवडली की माणसाच्या भुवया सगळ्यांत आधी हसतात."

"तुमच्या तर दिवसभर हसतात."

"दिवसभर नाही... तुम्ही आल्यावर."

कागदावर भलामोठा ठिपका पडला.

"शाई... आज जरा जास्तच येतेय."

"हो ना. पेनाचाच दोष," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

एकदा तो आत काचा घासत असताना आत्या सहज बोलून गेली. शाळेत पोरं त्याला 'पोपट' म्हणायची. वर्गाच्या प्रत्येक फोटोत तो मान वळवून उभा आहे. आजही कुणी फोटो काढायला लागलं, की त्याला आत काहीतरी काम निघतं.

त्या दिवसापासून तिचा हात बिचकू लागला. त्याच्या चित्रातलं नाक लहान झालं, मग नीटस झालं, मग तर उरलंच नाही. एका संध्याकाळी त्याने चित्र काउंटरवर ठेवलं.

"हा कोण?"

"तुम्ही."

"मी? हा तर कॅलेंडरवरचा नट आहे." त्याच्या भुवया हसत नव्हत्या. "आत्याने सांगितलं ना तुम्हाला, शाळेतलं?"

तिने मान खाली घातली.

"पहिल्या दिवशी तुम्ही भीडभाड न ठेवता नाक काढलंत. जन्मात पहिल्यांदा मला माझ्याच नाकाचं हसू आलं. आणि आता तुम्हीच ते लपवताय? कीव तेवढी नका करू माझी."

तो आत गेला. काचा घासायचं यंत्र घरघरू लागलं.

पुढचे काही दिवस ती फिरकलीच नाही. घरी कागदामागून कागद खराब करत बसली. कीव? छे! कीव नव्हतीच ती. कुणी त्याला हसेल ही कल्पनाच तिला सोसत नव्हती. पण का सोसू नये?... आणि उत्तर उमगलं तशी ती एकटीच कानापर्यंत लाल झाली.

शनिवारी दुपारी दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना ती आली, ती थेट त्याच्यासमोर.

"बसा इथे."

"अहो, गिऱ्हाइकं आहेत..."

"बस रे," आत्या म्हणाली. "कुणाला गाडी पकडायची नाहीये."

तिने टोपण काढलं. पहिली रेघच नाकाची. कपाळापासून निघाली, दाबत दाबत जाड होत गेली आणि कागदाच्या कडेला जाऊन ऐटीत वळली. हात कुठेच अडला नाही. मग भुवया. मग डोळे... डोळ्यांसाठी तिला बराच वेळ बघावं लागलं. त्यानेही मान वळवली नाही.

भोवती हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला.

"हा मात्र मीच! मग इतके दिवस काय झालं होतं हो?"

"कीव नव्हती ती," ती पेनाकडे बघत पुटपुटली. "तुम्हाला कुणी हसलेलं मला खपत नाही... मी हसलेलं चालेल. पण मीच."

"फक्त तुम्ही?"

"फक्त मी."

तो वाकला. आवाज इतका खाली, की तिलाच ऐकू यावा. "मग एक अट. तोंडावर हसायचा हक्क हवा असेल, तर हे 'अहो-जाहो' बंद."

तिने ओठ दाबले. टोपण बसता बसत नव्हतं. त्याने ते तिच्या हातातून घेऊन बसवलं, पण हात काही मागे घेतला नाही.

"बरं... मग तू दुकान कधी बंद करतोस?"

आत्याने गल्ल्यावरून आवाज दिला,

"त्याचं दुकान झालं बंद. उरलेलं मी बघते. जा दोघं!"