सात नंबरची खिडकी

योरिंदेने सात नंबरच्या दारावरची घंटा दाबली आणि ती दोन पावलं मागे सरली. खिडकीत पिवळा दिवा लागला होता, म्हणजे माणूस घरात असणारच. दुपारचे चार वाजले होते, धुकं एवढं की शेजारचं घर अर्धंच दिसत होतं. झाउटकेर्क गावात पाऊल ठेवल्यापासून तिला एक कुत्रंसुद्धा भेटलं नव्हतं.

"तिथे कुणी राहत नाही."

ती दचकून वळली. मागे एक उंच तरुण उभा होता. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात सायकल. इतक्या जवळ येईपर्यंत त्याच्या पावलांचा आवाज कसा आला नाही, कोण जाणे.

"मग हा दिवा?"

"कुठला दिवा?"

तिने खिडकीकडे पाहिलं. काच काळीकुट्ट होती. काचेत तिचा स्वतःचा चेहरा, आणि त्याच्यामागे त्याचा.

"गावची वीज तोडून दीड वर्ष झालं," तो म्हणाला. "फक्त पंपघरात आहे. मी तिथेच असतो. माझं नाव क्रेन." मग अजिबात न हसता त्याने विचारलं, "पिवळा होता का? आणि शेडला झालर?"

"हो..."

त्याने काळ्या काचेकडे पाहिलं. योरिंदेला तिथून पळून जावंसं वाटलं. पण ती सार्वजनिक धोरणाच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी होती, आणि घाबरण्यासाठी तिच्या प्रश्नावलीत रकाना नव्हता.

"तुम्ही क्रेन, म्हणजे सही न केलेलं तेविसावं घर," ती फाईल उघडत म्हणाली. "मी तुमच्याकडेच आले आहे."

सरकारने झाउटकेर्क समुद्राला परत द्यायचं ठरवलं होतं. वसंतात बांध फोडायचा, म्हणजे पुराचं पाणी इथे पसरेल आणि पलीकडची मोठी शहरं वाचतील. तेवीस घरांपैकी बावीस घरांनी सह्या करून खाडीपलीकडे नवे फ्लॅट घेतले होते. लोक गाव का सोडतात आणि का सोडत नाहीत, हा योरिंदेच्या प्रबंधाचा विषय होता. बावीस जणांची उत्तरं फाईलमध्ये होती. न सोडणारा एकच होता, आणि एक डिसेंबरपर्यंत त्याने सही केली नाही, तर पोलीस त्याला उचलून नेणार होते.

पंपघरात यंत्र सावकाश धडधडत होतं. जमिनीखालून पाण्याचा आवाज यायचा, कुणीतरी तळघरात भांडी विसळत असल्यासारखा. क्रेनने कॉफी दिली, डब्यातून एक बिस्किट दिलं. आता रीतीप्रमाणे झाकण लागणार, म्हणून योरिंदेने हात मागे घेतला.

झाकण उघडंच राहिलं.

तिने ते पाहिलं. तिने ते पाहिलं, हे त्यानेही पाहिलं. या देशात पाहुण्याला एकच बिस्किट देऊन डबा बंद करतात; तो उघडा ठेवणं ही काही साधी गोष्ट नाही!

"तुमचं नाव काय?" त्याने विचारलं.

"योरिंदे."

त्याच्या हातातला कप ओठांजवळ थबकला. "आणि वाढदिवस कधी असतो?"

"प्रश्न मी विचारते." ती हसली. "नियमच आहे तसा. आमचे प्राध्यापक म्हणतात, विचारणाऱ्याने स्वतःबद्दल अक्षर बोलायचं नाही. बोललं की समोरच्याचं उत्तर आपल्याकडे झुकतं. आणि प्रश्नातच उत्तर सुचवायचं, हे तर महापाप."

"नुसती तारीख सांगा. वर्ष नको."

"तुम्ही सगळ्याच मुलींना असंच विचारता?"

"या गावात मुली कुठून आणू?" तो म्हणाला. पण डोळ्यांत चेष्टा नव्हती.

शेवटच्या प्रश्नावर सगळं अडलं. *आपण का थांबला आहात?*

"वाट बघतोय."

"कुणाची?"

"तेच तर ठाऊक नाही."

"असं कसं लिहू मी? इथे अ, ब, क आहेत. नाहीतर 'इतर'."

"मग 'इतर' रिकामं ठेवा. पुन्हा या."

तो तिला बसथांब्यापर्यंत सोडायला निघाला. सात नंबरच्या खिडकीत कुणीतरी हात हलवत होतं. निघालेला पाहुणा दिसेनासा होईपर्यंत खिडकीतून हात हलवायचा, ही इथल्या लोकांची लहानपणापासूनची सवय. योरिंदेनेही सहज हात उंचावला, दोन-तीनदा हलवला... आणि मग तिच्या लक्षात आलं.

"कुणाला हात केलास?" क्रेनने विचारलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"कुणाला नाही," ती म्हणाली, आणि बस येईपर्यंत तिने त्याच्या सायकलचं हँडल सोडलं नाही.

शहाण्या मुलीने तेविसावा फॉर्म अपूर्ण म्हणून जोडून टाकला असता. योरिंदे मात्र दर आठवड्याला झाउटकेर्कला जाऊ लागली. एका प्रश्नासाठी चार फेऱ्या! बस नेहमी चारच्या सुमाराला पोचायची, धुकं तिच्या आधी. कधी चर्चच्या पायऱ्या ओल्या असायच्या, जणू नुकतंच कुणी पुसून गेलंय. कधी बंद घरातून कॉफीचा वास यायचा. तिची पावलं झपाझप पडायची. पंपघराच्या दारात क्रेन दिसला की जीव भांड्यात पडायचा. आणि हे प्रबंधात कुठेच लिहिता येणार नाही, या विचाराने तिला हसू यायचं.

"कारण सापडलं?" ती विचारायची.

"वाढदिवस सांगतेस?" तो विचारायचा.

"पोलीस येतील ना रे तुला न्यायला."

"तू येशील बघायला?"

"मी निरीक्षक आहे. मी लांबून बघते."

"इतक्या लांबून?" तो म्हणायचा. टेबल लहान होतं, दोघांचे गुडघे अगदी जवळ असायचे, आणि ती डब्यातलं तिसरं बिस्किट घेत असायची.

पण परतताना तिला रडू फुटायचं. हा वेडा कोणासाठी थांबलाय? ती कोण आहे? जिची वाट बघतोय ती आली नाही, तर हा पाण्यात उभा राहील का? आणि ती आली, तर... तर आपलं काय?

उत्तरं गोळा करायची शेवटची तारीख होती सतरा नोव्हेंबर. त्या दिवशी योरिंदेने आईचा फोनही घाईघाईतच ठेवला आणि बस पकडली.

पंपघराला कुलूप होतं. ती सात नंबरच्या घरापाशी आली तर दार सताड उघडं. आत मेणबत्त्या. बैठकीत आठ खुर्च्या गोल मांडलेल्या, वाढदिवसाला इथे पाहुण्यांसाठी मांडतात तशा. प्रत्येक खुर्ची रिकामी, आणि तरी आत पाऊल टाकताना आपण कुणाच्या तरी पायावर पाय देऊ असं तिला वाटलं. मधल्या टेबलावर सफरचंदाचा केक होता. क्रेन खिडकीपाशी उभा.

"आज कुणाचा वाढदिवस?" तिने विचारलं. आवाज आपोआप बारीक झाला होता.

"सांग ना तू."

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि मागोमाग संताप. "माझी माहिती कुठून काढलीस? विद्यापीठात फोन केलास? असं चोरून..."

"म्हणजे आज आहे?" क्रेनचा चेहरा पांढराफटक पडला. तो मटकन एका खुर्चीत बसला. "योरिंदे, खरंच आज आहे?"

"नाटक करू नकोस!"

त्याने फक्त बोळाच्या टोकाच्या संडासाकडे बोट दाखवलं.

या देशात वाढदिवसांचं कॅलेंडर संडासातच टांगतात, हे काही नव्याने सांगायला नको. बसल्या बसल्या समोर दिसतं, कुणाचा दिवस चुकत नाही. त्यावर वर्ष नसतं, वार नसतो, नुसत्या तारखा आणि आपल्या माणसांची नावं. परक्याचं नाव तिथे कुणी लिहीत नाही. योरिंदेने मेणबत्ती वर धरली. नोव्हेंबरचं पान होतं. कडा दमट, कोपऱ्याला बुरशी. सतरा तारखेसमोर म्हाताऱ्या, थरथरत्या अक्षरांत एकच नाव होतं. शाई फिकी होऊन तपकिरी झाली होती.

*योरिंदे.*

ती मेणबत्ती घेऊन बाहेर आली.

"हे घर टान्ना मावशीचं, झालरीचा दिवाही तिचाच," क्रेन हळूच म्हणाला. "मला तिनेच वाढवलं. चार वर्षांपूर्वी गेली. त्याच्या आदल्या आठवड्यात ते कॅलेंडर मागून घेतलं आणि हे नाव लिहिलं. मी म्हटलं, ही कोण गं? म्हणाली, 'मला काय ठाऊक. येईल तेव्हा तिलाच विचार. तोवर केक चुकवू नकोस, आणि घर सोडू नकोस. तू सापडणार कसा तिला?' तीन वर्षं अख्खा केक मी एकट्याने खाल्ला, योरिंदे."

ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना. "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"प्रश्नातच उत्तर सुचवायचं नाही, असं तूच म्हणालीस. मी सुचवलं असतं तर खरं उत्तर कसं कळलं असतं?"

"योगायोग असेल," ती नाक ओढत म्हणाली. "तीनशे पासष्टात एक. त्यात माझं नाव फारसं नसतं कुणाचं. म्हणजे शक्यता आणखी कमी होईल, पण शून्य नाही होणार."

"नसू दे शून्य." तो उठून समोर आला. "मला तुझी तारीख कळायच्या आधीच तू आवडायला लागलीस. दुसऱ्या फेरीला. मग भीती वाटायला लागली की तू सांगशील, मे महिन्यात असतो म्हणून. मग मी काय केलं असतं? कॅलेंडर खोडलं असतं बहुतेक..."

"मला तू पहिल्याच फेरीला आवडलास," योरिंदे म्हणाली. "डब्याचं झाकण लावलं नाहीस तेव्हा."

त्याने तिचे हात हातात घेतले. ते थंडगार होते, त्याचेही. गोल मांडलेल्या खुर्च्यांपैकी एक हलकेच कुरकुरली. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

केकचे दोन तुकडे संपल्यावर त्याने फॉर्म मागितला. *आपण का थांबला आहात?* 'इतर'समोर त्याने लिहिलं: योरिंदेसाठी. नंतर खिशातून गाव सोडायचा सरकारी कागद काढून त्यावरही सही केली. मग संडासात जाऊन कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि कोटाच्या आत छातीशी धरलं.

"झाला ना तुझा प्रबंध पूर्ण?"

"छे. हा फॉर्म बाद," योरिंदे म्हणाली. "विचारणारीचा उत्तरावर परिणाम झालाय."

"किती?"

"मोजता येणार नाही इतका."

मेणबत्त्या विझवून त्यांनी दार ओढून घेतलं. बांधाकडे चढणाऱ्या रस्त्यावर ओल्या मातीचा आणि मिठाचा वास होता. खाली पाणी कुठेतरी वाट शोधत होतं. वळणापाशी योरिंदे थांबली. मागे वळून बघायची तिची हिंमत होत नव्हती, पण सवय मोठी वाईट.

सात नंबरच्या खिडकीत झालरीचा पिवळा दिवा लागला होता. दिव्यासमोर एक हात सावकाश हलत होता, घाई नसल्यासारखा.

"दिसतंय तुला?" ती कुजबुजली.

"आज पहिल्यांदाच," क्रेन म्हणाला. "चार वर्षांत मावशी एकदाही नाही दिसली मला."

तिने त्याचा हात घट्ट धरला. मग दोघांनी आपापला मोकळा हात उंचावला आणि हलवत राहिले, रस्ता वळेपर्यंत.