तीन नंबरचा करडा

खोटं वाटेल, पण थेरगावच्या त्या फ्लॅटची किल्ली आजही माझ्या मावसबहिणीच्या, निवेदिताच्या कपाटात आहे. फ्लॅट विकायचं धाडस होत नाही. राहायचं तर नाहीच.

गेल्या वर्षी, नवरात्राआधीचा सोमवार. फ्लॅट रीसेलचा. निवेदिताच्या अडीच वर्षांच्या लेकीच्या, ओवीच्या खोलीसाठी सोपानराव पेंटरांनी भिंतीवर तीन करड्या रंगांचे पट्टे मारून दाखवले. शेजारी पेन्सिलीनं आकडे... एक, दोन, तीन.

"तिन्ही मेले उंदराच्या पाठीसारखे!" निवेदिताच्या सासूबाई, सुभद्राबाई, हसल्या.

निवेदितानं दोनपुढे बरोबरची खूण केली.

सकाळी ती खूण तिथं नव्हती...

तीनपुढे होती.

सासूबाईच! दुसरं कोण?

"आई, तीन हवा होता तर सांगायचं ना."

"मी कशाला गं लपूनछपून करू? मला चष्म्याशिवाय तिन्ही सारखेच."

पण त्याही सुनेकडे तिरक्या नजरेनं बघत होत्या. निवेदितानं खूण खोडून पुन्हा दोनपुढे केली. सासूबाईंनी खोलीला कुलूप घातलं, किल्ली पदराच्या गाठीत बांधली.

दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून दार उघडलं.

खूण तीनपुढे... आधीपेक्षा गडद.

सासूबाईंनी निवेदिताचा हात धरला.

सोपानरावांनी कोपरा खरवडून पाहिला. वरच्या पिवळ्या थराखाली...

तोच तीन नंबरचा करडा.

"ताई, ही खोली आधी ह्याच रंगाची हुती."

निवेदिताचा नवरा प्रज्वल चाकणला कंपनीत. फोनवर वैतागला. "करड्या-करड्यात काय फरक? तीन तर तीन. मारून टाका."

मारला.

पाचव्या दिवशी ओवीच्या पलंगाजवळ भिंतीवर पेन्सिलीची एक आडवी रेघ दिसली. निवेदितानं ओवीला तिथं उभं केलं...

रेघ बरोब्बर डोक्याला.

"आपण रंग नाही गं निवडला," सासूबाई पुटपुटल्या. "कुणाला तरी त्याची खोली परत दिली."

त्याच आठवड्यात सगळे कासारवाडीला भाड्यानं गेले.

प्रज्वल अधूनमधून बंद फ्लॅट बघून येतो. दर खेपेला एक नवी रेघ, जराशी वर. टेपनं मोजून आणतो. इकडे ओवीची उंची तेवढीच भरते. सूतभरही फरक नाही.

दोन महिन्यांपूर्वी गेला, तर...

नवी रेघ नव्हती.

तेव्हापासून निवेदिता रोज ओवीला दाराशी उभं करते, डोक्यावर पट्टी धरते. पट्टी रोज त्याच जुन्या खुणेला टेकते.

"आई, मी मोठी झाले?"

निवेदिता पट्टी हळूच थोडी वर सरकवते... आणि हो म्हणते.