तो असतोच

आमच्या घरी कॉम्प्युटर एकच, आणि तो सगळ्यांचा. शिशिर इंजिनीअरिंगला होता तेव्हा बाबांनी त्याच्यासाठी घेतला. शिशिर, माझा धाकटा भाऊ, पुढे कॅनडाला गेला आणि कॉम्प्युटर बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरातच राहिला. बाबांच्या खोलीत खिडकीला लागून टेबल आहे, त्यावर. माझी बायको अपर्णा त्यावर शाळेच्या प्रश्नपत्रिका करते. मी भनपुरीच्या एका रोलिंग मिलच्या प्रयोगशाळेत आहे. तिथले तक्ते कधीमधी घरी आणतो. रेल्वेतून निवृत्त झालेल्या बाबांचं त्यावरचं काम एकच होतं. रविवारी शिशिरशी बोलणं.

त्या रविवारांचा मला त्रास व्हायचा. बाबा सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून बसत. माझ्याशी बोलण्यासाठी त्यांना कधी सदरा बदलावा लागला नाही.

गेल्या वर्षी जुन्या विंडोजवर व्हिडिओ कॉल लागेनासा झाला. नवं विंडोज त्या म्हाताऱ्या डब्याला पेलणारं नव्हतं. बाबांची चिडचिड पाहून मी लिनक्स नावाची हलकी सिस्टीम पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि सुट्टीच्या दुपारी बसलो. जुनं काढायचं नव्हतं, अपर्णाच्या फायली त्यात होत्या. म्हणून डिस्कचे दोन भाग केले. एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. सुरू केलं की पडदा आधी विचारतो, कुठं जायचं. बाबांना खालची ओळ निवडायला शिकवली.

वापरणाऱ्याचं नाव विचारलं तिथे मी बाबांचं, ‘श्यामराव’ टाकलं. पहिल्यांदा सुरू केलं तर पडद्यावर दोन नावं आली. श्यामराव, आणि त्याखाली शिशिर.

विंडोजमध्ये शिशिरचं जुनं खातं होतं. तिथून उचललं असेल, असं मी मनाशी म्हटलं. नवी सिस्टीम असं आपणहून काही उचलत नाही, हेही मला माहीत होतं. मी ते नाव काढून टाकलं, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. नाव होतं. फक्त आता ते वर होतं.

“राहू दे ना,” बाबा मागून म्हणाले. “तुले काय त्रास होऊन राहिला त्याचा?”

राहू दिलं.

काही आठवड्यांनी जेवताना अपर्णा म्हणाली, “अहो, बाबा आता रोज बोलतात भाऊजींशी. दुपारचं जेवण झालं की दार ओढून घेतात. केवढे हसतात!”

“दुपारी? तिकडे तेव्हा पहाट असते.”

“उठत असतील.”

शिशिर पहाटे उठणारा माणूस नाही. परीक्षेच्या दिवशीही आईनं त्याच्या तोंडावर पाणी मारलेलं मी पाहिलं आहे. पण बापासाठी उठतही असेल. मला ते जास्त लागलं.

मग बाबांचा चष्मा हरवला. मी दिवाण सरकवला, कपाटाखाली हात घातला, कुठे म्हणून पाहायचं ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर चष्मा बाबांच्या नाकावर.

“गच्चीवर होता,” ते म्हणाले. “टाकीच्या झाकणावर. शिशिरनं सांगितलं.”

“त्याला तिकडे बसून काय दिसलं?”

“दिसलं त्याले.” बाबांनी पेपर उलटला. “तू वर गेलाच नाहीस ना.”

खरं तर मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती. मी नुसता जळत होतो. मी इथे वाकून वाकून शोधला, आणि श्रेय त्याला!

नवरात्र संपता संपता शिशिरचा मला मिलमध्ये फोन आला. तो मराठी समजतो, पण कॉलेजपासून उत्तर हिंदीतच देतो.

“दादा, बाबा कॉल क्यों नहीं उठाते? कब से बात नहीं हुई यार. सब ठीक है ना?”

मी काचेतून बाहेर पाहत होतो. तापलेली सळई रुळांवरून सरकत होती.

“कधीपासून?” मी विचारलं.

“तूने वो नया सिस्टम डाला ना, तब से.”

मी त्याला सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “थकतात आता. फार बोलवत नाही त्यांना.”

फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. ज्याचा इतकी वर्षं हेवा केला त्याच्या हातात काहीच नव्हतं. सळई थंड होऊन काळी पडेपर्यंत ते बरं वाटणं टिकलं. मग मनात आलं, तर मग रोज दुपारी बाबांना हसवतं कोण?

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

बाबांचं दार नीट लागलेलं नव्हतं. फटीतून त्यांची पाठ दिसत होती, अंगात इस्त्रीचा सदरा. खांद्याआड पडद्याचा कोपरा. त्या कोपऱ्यात खिडकीचे गज होते आणि गजांवर निळा टॉवेल वाळत होता.

तो टॉवेल सकाळी मी टाकला होता. याच खिडकीत.

पण आमचा कॅमेरा बाबांकडे तोंड करून असतो. खिडकी त्याच्या मागे आहे. ती त्यात दिसू शकत नाही. पडद्यावर मात्र त्या खिडकीकडे पाठ करून, बाबांच्या अगदी समोर कोणी बसलं होतं. मला त्याची फक्त बाही दिसली.

“दादा आला वाटतं,” आवाज म्हणाला. आवाज शिशिरचाच. बोलणं मात्र आई बोलायची तसं, स्वच्छ घरचं मराठी.

“आला तर येऊ दे,” बाबा म्हणाले. “त्याचं काय, तो असतोच.”

मी आत गेलो नाही.

संध्याकाळी बाबा तळ्यावर फिरायला गेले, तसा मी पेनड्राइव्ह लावला आणि डिस्कचा दुसरा भाग पुसून टाकला. विचारणारा पडदा गेला. कॉम्प्युटर पूर्वीसारखा थेट विंडोजमध्ये उघडला. तरी विश्वास बसेना म्हणून विजेची तार काढली आणि सकाळी बॅगेत घालून मिलला घेऊन गेलो.

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दारात बूट काढताना बाबांचं हसू ऐकू आलं. हसायचे, थांबायचे, पुन्हा हसायचे.

तार माझ्या खांद्यावरच्या बॅगेत होती.

चहाच्या वेळी बाबा बाहेर आले. रागावलेले नव्हते. “काहून काढलं रे त्याले?” त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, “त्याले वाईट नाही वाटलं. तो म्हणे, दादा लहानपणापासून असाच आहे.”

मी शिशिरला फोन केला. फक्त म्हणालो, “ये.”

तो दिवाळीच्या आदल्या दिवशी सकाळी पोचला. केस विरळ झालेले, हातात मोठी बॅग. अपर्णा ओवाळायला तबक आणायला आत वळली. बाबा अंगणातून आले. बाबांचं डोकं ठणठणीत होतं. आत्ताच त्यांनी दूधवाल्याच्या नातीची नावानिशी चौकशी केली होती.

शिशिर पाया पडायला वाकला. बाबा अवघडून एक पाऊल मागे सरले.

“खुश रहिए, खुश रहिए,” ते म्हणाले. बाहेरच्या माणसांशी ते हिंदी बोलतात. “नरहर से मिलने आए हैं?” त्यांनी माझ्याकडे हात केला. “बैठिए.”

“बाबा,” शिशिर म्हणाला. “मी… मी शिशिर.”

बाबा हसले. परक्याची चूक पोटात घालावी तसे.

“शिशिर तो अंदर है.”

शिशिरचा चेहरा पडला. आयुष्यभर मला हा चेहरा पाहायचा होता. पाहिला. एक क्षण पोटात थंडावा पसरला.

मग खोलीतून हाक आली. “बाबा, कोण आहे?”

माझ्या शेजारी शिशिर उभा होता. त्याचे ओठ मिटलेले होते.

“नरहरकडे आलं कोणी,” बाबा वळून म्हणाले. “आलो, आलो.”

ते आत गेले. दार लागलं.

शिशिरनं बॅग हळूच भिंतीशी टेकवली, दुसऱ्याच्या घरी ठेवतात तशी. मी त्याच्या बाजूला बसलो. आत दोघं बोलत होते, आम्ही दोघं ऐकत होतो. इतक्या वर्षांत मी त्याच्या इतका जवळ कधी बसलो नव्हतो.

आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

त्या दाराला कडी एकच आहे, अगदी वर, चौकटीशी. बाबांचा हात खांद्याच्या वर जात नाही.